रेंज सुटते ती सांध्यावर

कोहमाऱ्याच्या चौकात मुंबई-कोलकाता महामार्ग सोडून एसटी नवेगाव बांधकडे वळते आणि थोड्याच वेळात बसमधल्या आवाजाची पट्टी बदलते. फोनवर साधं बोलणारा माणूस ओरडून बोलू लागतो. मागच्या बाकावरच्या पोराची रील गोल फिरत बसते. खिडकीशी बसलेली बाई फोन कानापासून काढून पडद्याकडे बघते, पुन्हा कानाला लावते, दोनदा ‘हालो, हालो’ करते आणि शेवटी तो पिशवीत टाकून देते. ‘टावर गेला जी,’ शेजारचा सांगतो. त्यापुढे जो खुलासा येतो तो मात्र झाडीपट्टीपासून कोकणापर्यंत एकच असतो: गाडी पळते आहे ना, म्हणून रेंज पकडत नाही.

खुलासा पटण्यासारखा आहे, पण खरा नाही. त्याची परीक्षा त्याच बसमध्ये बसून घेता येते. महामार्गावर बस ताशी साठ-सत्तरने पळत होती तेव्हा बोलणं सुरळीत चाललं होतं. जंगलातल्या वळणावर ती तीस-चाळिशीवर आली आणि बोलणं तुटलं. दोष वेगाचा असता तर नेमकं उलट व्हायला हवं होतं.

वेगाचा लहरींवर काहीच परिणाम होत नाही असं नाही. नवेगाव बांधला जवळचं रेल्वे स्थानक देवळगाव. ते गोंदिया-नागभीड-बल्लारशा मार्गावर आहे. तिथे फलाटावर उभं राहून न थांबता जाणारी एक्स्प्रेस ऐकावी. गाडी जवळ येते तेव्हा तिचा हॉर्न चढ्या सुरात असतो आणि समोरून निघून गेली की तोच सूर एकदम खाली उतरतो. ध्वनीचा उगम आपल्याकडे येत असला की लहरी दाटतात, दूर जात असला की विरळ होतात, हे ख्रिस्तियान डॉपलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२मध्ये मांडलं. ते खरं की खोटं हे पाहण्यासाठी १८४५मध्ये नेदरलँड्समध्ये बाइस बॅलट या शास्त्रज्ञाने उट्रेख्ट शहराजवळ रेल्वेच्या उघड्या डब्यावर वादक बसवले, रुळांच्या कडेला सुरांची जाण असलेली माणसं उभी केली आणि गाडी पळवली. कडेच्या माणसांना सूर खरोखरच बदललेला ऐकू आला. विज्ञानाच्या इतिहासात इतका वाजतगाजत झालेला प्रयोग दुसरा क्वचितच असेल.

फोनच्या रेडिओलहरींनाही हाच नियम लागू आहे, पण किती लागू आहे ते मोजून पाहिलं पाहिजे. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. रेडिओलहर सेकंदाला तीस कोटी मीटर जाते. १,८०० मेगाहर्ट्झच्या लहरीत बसच्या या वेगामुळे फरक पडतो तो सुमारे १३३ हर्ट्झचा. ४जीमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या ज्या बारीक उपलहरी असतात, त्यांच्यात एकमेकींपासून १५,००० हर्ट्झचं अंतर ठेवलेलं असतं. म्हणजे बसच्या वेगाने लहर जेमतेम एक टक्का सरकते, आणि तेवढं सरकणं फोनमधली चिप आपोआप सावरून घेते. ४जीची आखणीच ताशी ३५० किलोमीटर वेगाच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून झाली आणि ५जीचं उद्दिष्ट ताशी ५०० किलोमीटरचं आहे. या हिशेबात नवेगावच्या रस्त्यावरची एसटी जवळजवळ उभीच आहे.

उलट, गाडी चालू असणं एका बाबतीत फोनच्या फायद्याचं असतं. टॉवरकडून निघालेली लहर फोनपर्यंत एका वाटेने येत नाही. थोडी सरळ येते, थोडी टेकडीवर आपटून, थोडी झाडांच्या खोडांवरून, थोडी बसच्या पत्र्यावरून. या सगळ्या तुकड्यांची बेरीज काही जागी जोरदार होते आणि काही जागी ते एकमेकांना मारून टाकतात. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३३ सेंटिमीटर असते आणि अशा मेलेल्या जागा साधारण अर्ध्या लांबीवर, म्हणजे वीतभर अंतरावर येत राहतात. घरात फोन कानाला लावून माणूस एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे करतो आणि एकदम ‘हां, आता बोल’ म्हणतो, तेव्हा तो अशाच एका जागेतून बाहेर पडलेला असतो. उभा माणूस त्या जागेत अडकून राहू शकतो. ताशी ६०ने जाणारा फोन मात्र सेकंदाला शंभरेक अशा जागा ओलांडतो आणि प्रत्येकीत काही मिलिसेकंदच असतो. आपला आवाज पाठवताना त्याचे तुकडे पुढेमागे विखरून आणि थोडी जादा माहिती जोडून पाठवलेले असतात. त्यामुळे मध्ये मध्ये थोडं गळलं तरी पलीकडे पूर्ण वाक्य उभं करता येतं.

मग तुटतं कुठे? एका टॉवरची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तिथे, सांध्यावर.

हा सांधा सांभाळणं हाच मोबाइल फोनचा मूळ शोध आहे, आणि तो लागला चालत्या गाडीपायी. खिशातला फोन पुष्कळ नंतरचा. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात गाडीतून फोन करण्याची सेवा सुरू झाली. गाडीत बसवायच्या यंत्राचं वजन ३६ किलोच्या आसपास होतं आणि सगळ्या शहराला मोजक्या वाहिन्या पुरवाव्या लागत. एकाच वेळी दोन-चार गाड्या बोलू लागल्या की बाकीच्यांनी वाट पाहायची. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४७मध्ये, बेल लॅब्जमधल्या डग्लस रिंग यांनी एका अंतर्गत टिपणात वेगळी मांडणी सुचवली: एक मोठा टॉवर नको. शहराचे छोटे षट्कोनी तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला कमी ताकदीचा टॉवर द्या आणि त्याच वाहिन्या दूरच्या तुकड्यांत पुन्हा वापरा. कल्पना उत्तम होती, पण तिने एक नवीच अडचण आणली. बोलता बोलता गाडी एका तुकड्यातून दुसऱ्यात गेली तर बोलण्याचं काय करायचं? फोन न तोडता तो पुढच्या टॉवरकडे सोपवण्याची पद्धत बेल लॅब्जच्याच एमॉस जोएल यांनी तयार केली. तिचं पेटंट त्यांना १९७२मध्ये मिळालं. १९७९मध्ये टोकियोत आणि ऑक्टोबर १९८३मध्ये शिकागोत या पायावर गाडीतल्या फोनच्या सेवा सुरू झाल्या. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला तेव्हाचे दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल फोन लावला, तेव्हा ही युक्ती जुनी झाली होती.

आज आपल्या खिशात ती कशी चालते ते पाहू. बोलणं चालू असताना फोन आपल्या टॉवरचा जोर मोजत असतो, तसाच आजूबाजूच्या टॉवरचाही. शेजारचा टॉवर आपल्यापेक्षा थोडा वरचढ झाला, साधारण दुप्पट जोराचा, आणि काही शे मिलिसेकंद तसाच राहिला, की फोन आपल्या टॉवरला तसं कळवतो. ‘थोडा’ आणि ‘काही वेळ’ या अटी मुद्दाम घातलेल्या आहेत. त्या नसत्या तर सीमेवरचा फोन दर क्षणाला इकडून तिकडे उड्या मारत बसला असता. निरोप मिळाला की जुना टॉवर नव्याशी बोलतो, नवा जागा राखून ठेवतो, जुना फोनला ‘आता तिकडे जा’ म्हणून हुकूम देतो आणि फोन जातो. मधला खंड एका सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा असतो, कानाला कळतही नाही. महामार्गाने भंडाऱ्याहून देवरीकडे जाताना हे वाटेत कितीदा घडून जातं याचा आपल्याला पत्ता नसतो.

या सगळ्या व्यवहाराला दोन गोष्टी लागतात. सोपवून घ्यायला पुढे कुणीतरी असावं लागतं आणि सोपवायचा हुकूम कानी पडेपर्यंत जुना टॉवर टिकावा लागतो. नवेगावच्या पट्ट्यात दोन्हींची वानवा आहे.

नवेगावचा बांध अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी घातला असं परंपरा सांगते. पुढे लोकांनी त्यांना कोलासूर म्हणून देव केलं आणि तलावाभोवतीच्या टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हटलं. सुमारे ११ चौरस किलोमीटरचं पाणी साठवायला जागा कशी निवडावी हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. भोवती टेकड्यांचं कडं, आत खोलगट जमीन, आणि एका बाजूला बांध घालता येईल अशी खिंड. पाणी अडवायला जे उत्तम, तेच रेडिओलहरींनाही अडवतं. टेकडीपलीकडच्या टॉवरची लहर माथ्यावरून थोडी वाकून आत उतरते, पण पायथ्याशी तिची सावली पडते. मोकळ्या पाण्यावर मात्र अडथळा काहीच नसतो, त्यामुळे बांधावर उभ्या फोनला दूरचे टॉवरही दिसू शकतात आणि तिथून टेकडीला वळसा घालून आत गेलं की एकही नाही. चालत्या बसच्या दृष्टीने घातक आहे ते हे वळण. सरळ रस्त्यावर टॉवरचा जोर हळूहळू उतरतो, सोपवासोपवीला अवधी मिळतो. टेकडीच्या कोपऱ्यावर तोच जोर दहा-वीस मीटरांत शंभरपट कोसळू शकतो. फोनने ‘शेजारचा बरा आहे’ हे कळवेपर्यंत जुन्या टॉवरचा आवाजच त्याला ऐकू येईनासा होतो आणि हुकूम हवेतच राहतो. वेगाचा एवढाच काय तो हात या प्रकरणात आहे. बस सावकाश वळली असती तर कदाचित निभावलं असतं.

सोपवून घ्यायला पुढे कुणी नसणं, ही तर टॉवरच्या मांडणीतच असलेली गोष्ट आहे. टॉवर गावासाठी उभा राहतो, रस्त्यासाठी नाही. कंपनी ग्राहक मोजते आणि ते गावात राहतात. सरकारही गावंच मोजतं. जुलै २०२२मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली ती ४जी न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी. त्याआधी नक्षलग्रस्त भागांसाठीची योजना होती. तिच्यात महाराष्ट्रासह दहा राज्यांत २,३४३ टॉवर उभे राहिले. ते आधी २जीचे होते, ४जी करण्याचा निर्णय २०२२चाच. गोंदिया जिल्हा कित्येक वर्षं नक्षलग्रस्त यादीत होता. या योजनांमुळे खूप फरक पडला, त्याबद्दल दुमत नाही. पण दोन गावांच्या मधला सात-आठ किलोमीटरचा जंगलाचा रस्ता या कुठल्याच मोजणीत येत नाही. तिथे कुणी राहत नाही, तिथून माणसं जातात फक्त. शाळेची पोरं जातात, दवाखान्याची गाडी जाते, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागला की वडशाच्या कंपन्यांच्या गाड्या रात्रीबेरात्री जातात. नकाशावर दोन्ही गावांना रेंज आहे, म्हणून रस्त्यालाही आहे असं आपण धरून चालतो.

तरीही रस्त्याकडेच्या जंगलात जिथे तिथे टॉवर रोवा असं मी म्हणणार नाही. नवेगाव १९७५पासून राष्ट्रीय उद्यान आहे, १३३.८८ चौरस किलोमीटरचं, आणि डिसेंबर २०१३पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. वनजमिनीवर टॉवर उभारायचा तर १९८०च्या वन कायद्याखाली परवानगी लागते, आणि उद्यानाच्या हद्दीत त्याहून कडक. ते योग्यच आहे. टॉवर म्हटला की त्याच्यापाठोपाठ विजेची तार, डिझेलचा जनरेटर, दुरुस्तीची गाडी आणि तिच्यासाठी रस्ता हे सगळं येतं.

जंगल स्वतःही लहर खातं. नवेगावचं रान पानगळीचं आहे. साग, ऐन, बीजा, तेंदू, मोह यांची पानं मार्च-एप्रिलपर्यंत बहुतेक उतरतात, आणि पावसाबरोबर सागाची ताटाएवढी पानं पुन्हा रस्त्यावर छत धरतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत दिलेला आकडा असा, की १,००० मेगाहर्ट्झच्या आसपास पानांनी भरलेली झाडं उघड्या फांद्यांपेक्षा दर मीटरला सुमारे २० टक्के जास्त डेसिबल शोषतात. पानं ओली असली की आणखी. रस्त्याशेजारी दाट झाडी पसरलेली असेल तर हा फरक साचत जातो, आणि मोहफुलांच्या दिवसांत ज्या जागी निभावून जातं तिथे श्रावणात फोन गप्प होऊ शकतो. टॉवर तोच, गाडी तीच, बदलतो तो ऋतू. पाऊस स्वतः मात्र या लहरींना फारसा अडवत नाही. त्याचा फटका दुसरीकडे बसतो. आडबाजूचे कित्येक टॉवर एकमेकांशी ढोलासारख्या गोल अँटेनांनी जोडलेले असतात. त्या दुव्याची लहर दहा-पंधरा हजार मेगाहर्ट्झच्या वर असली की मुसळधार सरींत ती विरते. मग फोनवर चारही दांड्या भरलेल्या आणि नेट मात्र ठप्प, असा प्रकार होतो. फोन टॉवरपर्यंत पोहोचलेला असतो, टॉवरच जगापासून तुटलेला असतो.

वनरक्षकाच्या हातातला वायरलेस संच अशा ठिकाणीही बोलतो, त्याचं कारण लहरीची लांबी. त्याची लहर दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपासची, म्हणजे दोन मीटर लांब. ती पानांना फार दाद देत नाही आणि टेकडीवरून अधिक वाकते. आवाजापुरतं तिचं काम उत्तम चालतं. व्हिडिओ वाहून न्यायला तिच्यात जागाच नसते. गस्तीच्या नोंदींसाठी व्याघ्र प्रकल्पांत २०१०पासून एम-स्ट्राइप्स ही प्रणाली आली. तिचं फोनवरचं अ‍ॅप रेंज नसतानाही नोंदी साठवतं आणि चौकीवर नेट मिळालं की पुढे पाठवतं. रेंज मिळेलच असं गृहीत न धरता केलेल्या अशा गोष्टी जंगलात टिकतात.

आता गाडीच्या पत्र्याकडे. एसटीच्या उघड्या खिडकीतून लहर सहज आत येते, म्हणून खिडकीची जागा फोनसाठीही चांगली. वातानुकूलित गाडीत खिडक्या बंद असतात आणि ऊन अडवायला काचेवर धातूचा अगदी पातळ थर दिलेला असेल, तर ती काच लहरीलाही भिंत होते. अशा डब्यात जोर शंभरपट कमी होणं नवलाचं नाही. युरोपात रेल्वेच्या काचांवरच्या या थरात लेसरने बारीक जाळी कोरून लहरींना वाट करून देण्याची युक्ती वापरली जाते. रेल्वेची आणखी एक अडचण म्हणजे गर्दी. एक्स्प्रेस हद्द ओलांडते तेव्हा शेकडो फोन एकाच वेळी नव्या टॉवरच्या दारात उभे राहतात, आणि तो टॉवर बहुधा एका लहान गावाच्या मापाने बांधलेला असतो. ‘ट्रेनमध्ये नेहमीच नेट रडतं’ या तक्रारीत वेगापेक्षा या धक्काबुक्कीचा वाटा मोठा आहे.

फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्यांवरही फार विसंबू नये. कितव्या दांडीला किती जोर, हे प्रत्येक फोन बनवणारा आपापलं ठरवतो. शिवाय दांड्या दाखवतात ते टॉवरचं आपल्याला किती ऐकू येतं तेवढंच. आपलं टॉवरला किती ऐकू जातं ते त्या सांगत नाहीत. देवळावरचा भोंगा शिवाराच्या टोकाला ऐकू येतो, पण शिवारातून मारलेली हाक देवळात पोहोचत नाही. टॉवर वीस-चाळीस वॉटने बोलतो आणि ४जीचा फोन जास्तीत जास्त ०.२ वॉटने. ‘मला तुझं ऐकू येतंय, तुला माझं येत नाही का?’ हे वाक्य जंगलाच्या रस्त्यावर इतकं ऐकू येतं ते यामुळे. दूर गेलेल्या टॉवरला हाक पोहोचवण्यासाठी फोन आपला सगळा जोर लावतो, आणि रेंज पूर्ण गेली की एकेक बँड चाळत टॉवर शोधत राहतो. बॅटरी उतरते ती या दोन्हींत.

रेंज गेल्यावर ती परत यायला उशीर का लागतो, तेही इथेच सांगून टाकतो. फोन सुमारे सेकंदभर जुना टॉवर परत मिळतो का पाहतो, नाही मिळाला तर बोलणं संपवतो आणि शोधाला लागतो. बराच वेळ काही सापडलं नाही की बॅटरी वाचवण्यासाठी तो थांबून थांबून शोधू लागतो. म्हणून बस गावात शिरून दोन मिनिटं झाली तरी पडद्यावर ‘नो सर्व्हिस’ दिसत राहतं. विमानाचं चिन्ह दाबून पुन्हा काढलं तर फोन सक्तीने ताबडतोब नव्याने शोध घेतो. लोकांनी ही युक्ती स्वतः शोधून काढली आहे आणि ती पूर्ण शास्त्रशुद्ध आहे. आणखी एक सांधा आहे, टॉवर-टॉवरमधला नव्हे, पिढ्यांमधला. ४जीवरचं बोलणं ४जीची हद्द संपताना २जीकडे सोपवावं लागतं आणि ही सोपवणूक साध्या सोपवणुकीपेक्षा जास्त नाजूक असते. जिओच्या जाळ्यात २जी नाहीच, तिथे ४जी संपलं की बोलणं संपलं.

बोलणं तुटलं तर पुन्हा लावता येतं. पैसे अडकले की माणूस जास्त अस्वस्थ होतो. एसटीच्या वाहकांच्या हातात अँड्रॉइडवरची तिकीट मशीन आल्यापासून हा नवा खेळ बसमध्ये दिसतो. वाहक मशीनवर भाडं टाकतो, पडद्यावर क्यूआर कोड येतो, प्रवासी तो टिपतो, पिन मारतो, आणि नेमकी तेव्हाच बस झाडीत शिरते. प्रवाशाच्या फोनवर चक्र फिरतं, वाहकाच्या मशीनवरही फिरतं.

‘कट झाले ना भाऊ माझे पैसे, हे पाहा मेसेज.’

‘तुमचे कटले जी, पण माझ्याकडे आले नाही. तिकीट कसं काढू?’

दोघंही खरं बोलत असतात. एका व्यवहारात प्रवाशाचा फोन, त्याची बँक, मधली यंत्रणा आणि वाहकाची मशीन अशी निरोपांची साखळी असते. फोनचं सिम एका कंपनीचं, मशीनचं दुसऱ्या कंपनीचं, आणि दोघांचे टॉवर वेगवेगळ्या जागी तुटतात. पैसे खात्यातून निघून दुकानदाराकडे पोहोचल्याची खात्री झाली नाही, तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९चा नियम आहे. नियम चांगला आहे, पण त्या क्षणी बसमध्ये त्याचा उपयोग शून्य. वाहकाला तिकीट फाडायचं असतं, रस्त्यात तपासनीस चढू शकतो. म्हणून या मार्गावर पैसे गाडी स्टँडवर उभी असतानाच भरावेत किंवा सुट्टे जवळ ठेवावेत. नेटशिवाय दोन फोन एकमेकांना टेकवून पैसे देण्याची यूपीआय लाइट एक्स ही सोय सप्टेंबर २०२३मध्ये आली, पण तिला दोन्हीकडे विशिष्ट चिप असलेले फोन लागतात.

तुटलेल्या बोलण्याची भरपाई मागण्याचाही एक प्रयत्न होऊन गेला. ऑक्टोबर २०१५मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने कंपन्यांना सांगितलं, की बोलणं तुटलं की ग्राहकाला एक रुपया द्या, दिवसाला तीनपर्यंत. मे २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. त्याच सुमारास आणखी एक शंका चर्चेत आली होती. तुटलेला फोन ‘तुटला’ म्हणून नोंदवायच्या आधी जाळं किती वेळ थांबतं, ती मुदत लांबवली की तुटीचा आकडा खाली दिसतो. कंटाळून ग्राहकानेच फोन ठेवला तर तो तुटलेला धरला जात नाही. आज ‘हॅलो, हॅलो’ म्हणत आपण स्वतः लाल बटण दाबतो, त्याची नोंद कुठल्या रकान्यात जात असेल याचा वाचकाने विचार करावा. ऑक्टोबर २०२४पासून लागू झालेल्या ट्रायच्या नियमांनी कंपन्यांना आपल्या रेंजचे नकाशे जाहीर करायला लावलं. प्रवासाला निघण्याआधी ते पाहण्यासारखे आहेत. फक्त लक्षात ठेवावं, की नकाशाला बसचा पत्रा आणि श्रावणातली पानं ठाऊक नसतात.

जंगलात नवे टॉवर न उभारता सांधे कमी करण्याचा एक मार्ग जानेवारी २०२५मध्ये खुला झाला. सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या ४जी टॉवरवर आता बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ या तिघांचेही ग्राहक बोलू शकतात. एका टेकडीमागे एकच टॉवर असेल आणि तो आपल्या कंपनीचा नसेल, तर आजवर तो असून नसल्यासारखा होता. जंगलाच्या पट्ट्यात मला ही वाट सगळ्यात शहाणपणाची वाटते. दुसरी वाट कमी वारंवारतेची. ७०० मेगाहर्ट्झची लहर २,३०० मेगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा दूर जाते आणि झाडीतून जास्त निभावते. तिसरी वाट आकाशातून येते. न्यूझीलंडमध्ये डिसेंबर २०२४मध्ये साध्या फोनवरून थेट उपग्रहामार्फत संदेश पाठवण्याची सेवा सुरू झाली. अमेरिकेतही २०२५मध्ये ती आली.

उपग्रहाच्या बाबतीत सगळा हिशेब उलटतो. माणूस जागेवर उभा आणि टॉवर सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने डोक्यावरून जातो. २,००० मेगाहर्ट्झच्या लहरीत त्यामुळे चाळीस हजार हर्ट्झच्या वर फरक पडू शकतो. एसटीने पडणाऱ्या फरकाच्या तीनशेपट हा आकडा आहे आणि १५,००० हर्ट्झच्या अंतराला तो गिळून टाकतो. बसच्या प्रवाशाने वेगावर ठेवलेला आरोप इथे पहिल्यांदा खरा ठरतो. उपग्रहाचा मार्ग आधीच ठाऊक असल्याने लहर तेवढी उलटी सरकवूनच खाली पाठवता येते, त्यामुळे त्यावर तोडगा आहे. पानांवर नाही. शेकडो किलोमीटरवरून आलेली ती क्षीण लहर उघड्या आकाशाखालीच फोनला ऐकू येते. म्हणजे नवेगावच्या बांधावर किंवा धानाच्या बांधीत ती मिळू शकेल. भर पावसाळ्यात सागाच्या छताखालून जाणाऱ्या बसच्या पत्र्याखाली मात्र तिची आशा धरू नये.